व्याख्येची भानगड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपड्यांचे एक दुकान आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर त्याच्या पाटीवरची रोमन अक्षरे खाली सरकली आणि वर ठसठशीत देवनागरी आली : 'द फॅशन हब – मेन्स वेअर, किड्स वेअर अँड ॲक्सेसरीज'. लिपी नियमाप्रमाणे, अक्षराची उंची नियमाप्रमाणे. मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दिलेली दोन महिन्यांची मुदत नोव्हेंबरात संपत होती, तेव्हा फ्लेक्सवाल्याने रातोरात काम उरकले. पाटीवर मराठी शब्द मात्र एकही नाही. आत बिल इंग्रजीत मिळते, आणि कपडे दाखवणाऱ्या मुलाशी आपण हिंदीत बोलतो. तो मुलगा परभणीचा आहे, हे मला चौथ्या खेपेला कळले.

पाट्यांच्या कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात आणखी एक तरतूद आहे. दारू विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावे देता येणार नाहीत. चांगलेच आहे. पण अक्षरांची उंची मोजली आणि बारवरची नावे पुसली की संस्कृती सांभाळली, असे सरकारला वाटत असेल, तर बहुसंख्याकांनी आपली संस्कृती जपावी का, हा प्रश्न आपण फारच स्वस्तात सोडवला म्हणायचा.

एक वर्ग असा आहे की त्याला हा प्रश्नच मान्य नाही. जपणूक हवी ती अल्पसंख्याकांना. बहुसंख्याकांचे काय, सगळे रान त्यांचेच. त्यांनी आपले गोडवे गायले की ती दादागिरी. ऐकायला हे उदार वाटते, पण बहुसंख्याक कुणाला म्हणायचे ते आधी ठरवा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातले एकोणसत्तर मराठी, देशात शंभरातले जेमतेम सात. बेळगावचा मराठी माणूस गाडीत बसून सीमेअलीकडे चंदगडला उतरला की अल्पसंख्याकाचा बहुसंख्याक होतो. संध्याकाळच्या गाडीने परतला की पुन्हा अल्पसंख्याक.

ही गोष्ट स्वच्छ ओळखली ती डॉ. आंबेडकरांनी. आज ज्याला आपण अनुच्छेद २९ म्हणतो, त्याच्या मसुद्यावर डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत चर्चा झाली. 'अल्पसंख्याक' या शब्दाऐवजी 'नागरिकांचा कोणताही वर्ग' असे का म्हटले, हे त्यांनी तेव्हा समजावून सांगितले. मद्रासकडची काही माणसे मुंबईत येऊन राहिली, किंवा काही महाराष्ट्रीय बंगालात जाऊन स्थायिक झाले, तर तांत्रिक अर्थाने ते अल्पसंख्याक नसतील, पण भाषेच्या आणि संस्कृतीच्या दृष्टीने ते अल्पसंख्याकच. कलमाच्या समासातल्या शीर्षकात आजही 'अल्पसंख्याक' आहे, कलमात नाही. आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क कोणत्याही वर्गाला आहे. मोठ्या संख्येच्या वर्गालाही आहे, असे मी वाचतो.

तेव्हा मराठी जपण्याबद्दल, वाढवण्याबद्दल कुणाची माफी मागायचे कारण नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला, तेव्हा शिक्षक, पालक, लेखक उठले आणि २९ जूनला सरकारने माघार घेतली. त्यासाठी कुणाला अल्पसंख्याक असल्याचे सोंग घ्यावे लागले नाही. मात्र त्याच दिवसांत मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराच्या थोबाडीत मारण्यात आली. त्या थपडेने मराठीचे एक पुस्तक जास्त खपले असेल, तर मला दाखवा.

माझी अडचण जपण्याशी नाही, वाढवण्याशी नाही. ती आहे व्याख्येशी. आपण नक्की कोण, हे ठरवायला बसले की माणसे गळू लागतात, आणि पहिली गळतात ती घरातलीच. स्वीडनने सरकारी समिती नेमून २०२५ साली आपल्या संस्कृतीच्या शंभर मानचिन्हांची यादी केली. गेल्या पन्नास वर्षांतले काही घ्यायचे नाही, असा नियम होता. जगाला स्वीडनचे नाव ज्यांच्या गाण्यांतून कळले ते 'ॲबा' त्यामुळे यादीबाहेर राहिले.

आपण हसायला नको. धुळ्याच्या शेतकऱ्याची अहिराणी जनगणनेत 'खानदेशी' या वेगळ्या नावाखाली मोजली जाते, म्हणजे कागदोपत्री तो मराठीभाषकच नाही. त्याचा मुलगा पुण्यात येऊन तोंड उघडतो, तेव्हा 'हे कसलं मराठी' म्हणून हसणारे जे असतात, तेच फेब्रुवारीत भाषा गौरव दिनाला फेटे बांधतात. मराठीची चौकट आखायचीच असेल, तर फादर स्टीफन्सना कुठे बसवाल? हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू. त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले, आणि ते ओवीत आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना कुठे बसवाल? त्यांना संत म्हणताना वारकऱ्यांनी जनगणनेचा तक्ता पाहिला नव्हता.

व्याख्येच्या नादी न लागता काम कसे करावे, याचा नमुना याच महाराष्ट्रात झालेला आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन परतले आणि मराठीत ज्ञानकोश करायचा म्हणाले. त्यासाठी त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली. भाग विकले, वर्गणीदार मिळवत गावोगाव हिंडले. पाठीशी सरकार नव्हते, मराठीचे राज्यही नव्हते. १९२० पासून एकेक करीत तेवीस खंड निघाले. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला, त्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांनी साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन केले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष नेमले. त्यातूनच वाईला विश्वकोश उभा राहिला. नव्या राज्यात सत्ता हाती आलेल्या बहुसंख्याकांनी पहिल्याच वर्षी आपल्या थोरवीचे स्तोत्र लिहायला घेतले असते, तर कोण अडवणार होते? त्यांनी घेतले ते सगळे जग मराठीत आणायला. विश्वकोशाचा पहिला खंड 'अंक'पासून 'आतुरचिकित्सा'पर्यंत आहे. नोंदी लिहिता लिहिता शेकडो शब्द घडवावे लागले, आणि घडवताना कुणाला मराठी अस्मितेची व्याख्या करत बसायला सवड नव्हती.

आज मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहे, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. या दोन्हींचा मला आनंद आहे. पण तिथे नव्या पदार्थविज्ञानावर, करारांच्या कायद्यावर, यंत्रांच्या दुरुस्तीवर मराठीत काय लिहिले जाते, याकडे माझे लक्ष राहील. परभणीचा तो मुलगा कधीतरी स्वतःचे दुकान काढील. तेव्हा त्याला कर्जाचा अर्ज, जीएसटीचे विवरणपत्र आणि मालाच्या तक्रारीचे पत्र मराठीत लिहिता आले पाहिजे, नुसती पाटी नव्हे. ते जमेपर्यंत मराठीपणाची व्याख्या थोडी लांबणीवर टाकायला हरकत नाही.

केतकरांच्या कोशाचे नाव 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' होते. त्याच्या पहिल्या खंडाचे नाव : 'हिंदुस्थान आणि जग'.