सल्ला म्हणजे उपचार नव्हे

गरोदर स्त्रीच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली की तिला तीन वाक्ये ऐकवली जातात : गोड बंद करा, रोज चाला, काळजी करू नका. तिन्ही वाक्ये शास्त्राला धरून आहेत. परंतु जिच्या ताटात भात-भाकरीवाचून फारसे काही नसते, जी दिवसभर शेतात वाकून वा धुणी-भांडी करीत उभी असते, जिला नवव्या महिन्यातही मजुरी बुडवणे परवडत नाही, तिला ही वाक्ये ऐकवून शासनाचे कर्तव्य संपते काय? तसे मानणे म्हणजे स्वतःची जबाबदारी तिच्याच पदरात बांधून तिला दवाखान्याच्या दाराबाहेर पाठवणे होय.

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, कष्टकरी बायांचा त्याच्याशी संबंध काय, असे आपल्यातलेही काही कार्यकर्ते म्हणतात. या भ्रमाचे निराकरण आधी केले पाहिजे. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या इन्सुलिनचे काम अडवतात. हे प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत घडते. जिचे शरीर वाढीव इन्सुलिन निर्माण करू शकते ती निभावून नेते; जिचे करू शकत नाही तिची साखर चढते. आणि ही शरीराची शिल्लक केवळ आजच्या खाण्यावर ठरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. पण या हडकुळ्या बालकांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. अशी शरीरयष्टी पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. म्हणजे आजीच्या पोटाला पडलेला चिमटा नातीच्या रक्तात साखर होऊन उतरू शकतो. उपासमार आणि मधुमेह ही परस्परांची विरोधी टोके आहेत, हा समज टाकून द्यावा लागेल.

आईच्या रक्तातील साखर वार ओलांडून गर्भाकडे जाते. आईचे इन्सुलिन जात नाही. मग गर्भाला स्वतःच जादा इन्सुलिन तयार करावे लागते आणि तो प्रमाणाबाहेर वाढतो. प्रसूतीत खांदे अडकण्याचा धोका वाढतो, जन्मल्यावर बाळाची साखर एकाएकी उतरते, आणि साखर अनियंत्रित राहिली तर मूल पोटातच दगावण्याचा संभव असतो. पण हे टाळता येते, हीच या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः ऑस्ट्रेलियात झालेल्या सुमारे १,००० स्त्रियांच्या चाचणीत, आहाराचे मार्गदर्शन, साखरेची देखरेख आणि गरजेप्रमाणे इन्सुलिन मिळालेल्या गटात बाळांना गंभीर इजा वा मृत्यू यांचे प्रमाण १ टक्का राहिले. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ते ४ टक्के होते. जे टाळता येते ते टाळले नाही, तर त्याला दैव म्हणता येत नाही.

यासाठी काय लागते? केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना २०१४ सालच्या आहेत. २०१८ साली त्या सुधारण्यात आल्या. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. साखर १४० किंवा त्याहून अधिक असेल तर निदान पक्के. उपाशीपोटी येण्याची अट नाही. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा, आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावयाची आहे. निदान झाल्यावर दोन आठवडे आहार व चालणे. जेवणानंतर दोन तासांची साखर तरीही १२० च्या खाली येत नसेल तर औषध वा इन्सुलिन. बहुतेक स्त्रियांचे आहारावरच भागते. इतका साधा हा उपाय आहे. त्यासाठी ग्लुकोजची पुडी, एक छोटे यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि प्रशिक्षित परिचारिका हवी. कागदावर सारे आहे. प्रश्न तो कागद उपकेंद्रापर्यंत पोहोचण्याचा आहे.

आता आहाराकडे वळू. धान्य कमी करा, डाळ, अंडी, भाजी वाढवा, असे तिला सांगतात. रेशनवर तिला काय मिळते? अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य. डाळ त्या हक्कात नाही. आदिवासी भागात गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत एक चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना महाराष्ट्राने २०१५ साली सुरू केली, ही गोष्ट निश्चितच स्वागतार्ह. परंतु त्या ताटात गुळाचा लाडूही आहे. साखर वाढलेल्या स्त्रीला त्याऐवजी जास्तीचे अंडे वा उसळ देण्याची सोय अंगणवाडीत नसेल, तर एका खात्याने मना केलेला पदार्थ दुसरे खाते तिच्या ताटात वाढणार आणि निवड तिच्यावर सोपवणार!

विश्रांतीची कथा याहून वाईट. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. मुकादमाकडून उचल घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिने हात थांबवला तर कोयता अर्धा, आणि खाडा पडला तर दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा या व्यवस्थेचे एक टोक समाजाला दिसले. गरोदर स्त्रीचे नाव गावच्या उपकेंद्राच्या वहीत असते आणि ती स्वतः कारखान्याजवळच्या कोपीत. तिचा २४ वा आठवडा हंगामात पडला, तर तिची तपासणी कोणी करावयाची? देशाला साखर पुरविणाऱ्या या बाईच्या रक्तातील साखर मोजण्याची जबाबदारी कारखान्याची, तालुक्याची की कोणाचीच नाही?

प्रसूतीपूर्वीची विश्रांती हा हक्क आहे, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हीच भूमिका मांडली होती : मातेला प्रसूतीपूर्वी विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार शासनाने आणि मालकाने उचलावा. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ साली देशाचा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. शेतमजूर, घरकामगार, ऊसतोड कामगार मात्र तिच्या प्रत्यक्ष लाभाबाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने त्याचे ५,००० केले, तेही पहिल्याच अपत्यासाठी. पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० देऊ केले. पूर्ण ६,००० जरी सहा महिन्यांवर वाटले तरी दिवसाला ३३ रुपये पडतात. एवढ्यात कोणती बाई मजुरी सोडून घरी बसेल?

आणि तरीही तिला सांगायचे, काळजी करू नका. तिच्या काळज्या मनाचे खेळ नाहीत. सासरी 'हिनेच गोड खाल्ले' असा ठपका बसेल. जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवले तर गाडीभाड्याचे काय. सुईने बाळाला अपाय होईल का. पोट फाडावे लागेल का. यांतील निम्म्या काळज्या माहितीने दूर होतात. हा दोष तिचा नाही. इन्सुलिन बाळापर्यंत जात नाही. साखर आटोक्यात असेल तर शस्त्रक्रिया अटळ नसते. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उरलेल्या निम्म्या काळज्या पैशाच्या व प्रवासाच्या आहेत, आणि त्या उपदेशाने दूर होत नाहीत.

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर ठरलेलेच आहे. परंतु या स्त्रियांपैकी अनेकींना पुढे कायमचा मधुमेह जडतो आणि मुलांनाही धोका राहतो. त्याचा खर्च तिजोरी नाही तर ते कुटुंब कर्ज काढून भरते, एवढाच याचा अर्थ.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक उपकेंद्रात दोन्ही वेळची तपासणी आणि हंगामात ऊसतोड तळावर फिरते पथक. रेशनवर गरोदर स्त्रीला डाळ, अंगणवाडीत साखर वाढलेल्या स्त्रीला वेगळे ताट. अखेरच्या तीन महिन्यांत किमान वेतनाइतका भत्ता, अपत्यसंख्येची अट न घालता. घरोघर फिरणाऱ्या आशांना कामागणिक मोबदल्याऐवजी नियमित वेतन. आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी आईची पुन्हा तपासणी, कारण मूल हाती आले की तिची आठवण कोणाला राहत नाही.

कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात आपापल्या उपकेंद्रात जाऊन एवढेच विचारावे : ग्लुकोजच्या पुड्या आहेत का, पट्ट्या आहेत का, गेल्या महिन्यात किती गरोदर स्त्रियांची तपासणी झाली? उत्तर वहीत लिहून घ्यावे, आणि ती वही घेऊन तालुक्याच्या कचेरीवर जावे.