ट्रेलर, व्हॅन आणि चार वाजताचा वारा

माझ्या एका विंडसर्फर मित्राने परवा ट्रेलर घेतला. आत बोर्ड, शिडं, मास्ट सगळ्यांना वेगवेगळे कप्पे, बाहेर पाय धुवायला पाण्याची टाकी! बघून पोटात जरा दुखलंच. वर "आता तूपण घे रे" म्हणाला. शनिवारी सकाळी चहा पिता पिता बराच विचार केला. उत्तर 'नाही' असं आलं. का, ते सांगतो.

आधी थोडा इतिहास. १९६०च्या दशकात इथे कॅलिफोर्नियात जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर या दोघांनी 'विंडसर्फर' बनवला. तो बोर्ड जवळजवळ १२ फूट लांब. म्हणजे एकतर टपावर बांधा, नाहीतर ट्रेलरवर टाका. आजचा नेहमीचा बोर्ड २.३ ते २.५ मीटरचा असतो. साडेचार मीटरच्या मास्टचे दोन तुकडे होतात. मधल्या सीट काढल्या की जुन्या मिनीव्हॅनमध्ये सगळा संसार मावतो. मग ट्रेलर कशाला?

दुसरं म्हणजे वारा. बे एरियातला उन्हाळी वारा नोकरदारांवर मेहेरबान आहे. दुपारी सेंट्रल व्हॅली तापते, तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा खाडीच्या वाटेने आत ओढली जाते. त्यामुळे चार वाजता हळूच ऑफिसमधून सटकलं तरी दोन तास मजेत मिळतात. पण सामान ऑफिसच्या पार्किंगमध्येच हवं! ट्रेलर असेल तर आधी घरी जा, तो गाडीला जोडा, दिव्यांची वायर लावा. मग हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा, कारण कॅलिफोर्नियात मागे काही ओढत असाल तर कायदाच तसा आहे. तोपर्यंत वारा घरी गेलेला असतो.

शिवाय ट्रेलर भरणं हे एक शास्त्र आहे. साधारण १० ते १५ टक्के वजन जोडावर, म्हणजे गाडीच्या बाजूला, यायला हवं. जड सामान चाकांच्या मागे ठेवलं की वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. तेव्हा घाबरून ब्रेक दाबला तर प्रकरण आणखी चिघळतं.

आता व्हॅन म्हणजे अगदी संत आहे असं नाही. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. हायवेवर पुढच्याने करकचून ब्रेक मारला, मीपण मारला. मागे नुसता ठेवलेला मास्ट दोन सीटच्या मधून सुसाट पुढे आला आणि डॅशबोर्डवर आदळला. शेजारी बायको बसली होती. वीतभर उजवीकडे आला असता तर... जाऊ दे. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सीटच्या मागे प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं, जमिनीला कड्या लावल्या आणि चांगले रॅचेटचे पट्टे आणले. ट्रेलरच्या मानाने खर्च किरकोळ. हे आधी का केलं नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. आळस, दुसरं काय!

थोडक्यात काय, चौघांनी मिळून आठवडाभर ओरेगॉनमध्ये हूड रिव्हरला जायचं असेल, तंबू-स्टोव्हसकट, तर ट्रेलर जरूर घ्या. पण एकट्या नोकरदाराला व्हॅनच बरी. आणि हौसेचे पैसे आधी पट्ट्यांवर घाला, टाकीचं नंतर बघू.

असो. निघण्याआधी पट्टे ओढून बघायचं काम आता बायकोने स्वतःकडे घेतलंय. तिचं समाधान झाल्याशिवाय मला किल्ली मिळत नाही.