घर कोणाचे, घडण कोणाची?



जुने घर ओळखण्याची एक ठरलेली रीत आहे. दाराची चौकट पाहायची, कमान पाहायची, खांबावरची नक्षी पाहायची आणि हा वाडा अमुक काळातला, तमुक शैलीतला, असे लिहून मोकळे व्हायचे. ही रीत बहुधा पुढच्या दारापाशीच थांबते. चूल, न्हाणी, जाते, परस इथवर ती पोचत नाही. म्हणजे घराच्या ज्या भागात बाईचा जन्म गेला, तो भाग शैलीत धरलाच जात नाही.

औसा तालुक्यातल्या जुन्या घराची मुख्य खूण म्हणजे माळवद. दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, त्यावर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेड यावा, धूर जावा म्हणून छताला साणे. घराचे माप खणांत. मोठ्या वाड्याला चिरेबंदी दर्शनी भिंत, मग ढाळज, चौक, ओसरी, माजघर आणि सगळ्यात मागे स्वयंपाकघर. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत असलेल्या या मुलखात हिंदूंच्या वाड्यांतही महिरपी कमानी दिसतात आणि मुसलमानांच्या घरांवरही माळवद दिसते. दगड, माती आणि ऊन यांना धर्म नसतो. पण घराच्या आखणीला जात असते. गावकुसाबाहेरची कुडाची छपरे कोणत्याच शैलीच्या यादीत येत नाहीत.

आखणीला बाई-पुरुषही असतो. ढाळजेत पुरुषांची बैठक, बाईला मागचे दार, आणि ‘त्या’ चार दिवसांसाठी एक बाजूचा कोपरा. तरीही हे घर टिकवले बाईने. जमिनीला सारवण, भिंतींना पोतेरा, आणि ही कामे एकदा करून संपणारी नव्हेत, जन्मभराची. गवंड्याची मजुरी हिशेबात लिहिली गेली. सारवणाची कधीच नाही. शेजारच्या घरांची माळवदे एकमेकांना लागून असत. पापड-कुरडया वाळवताना बाया एका छतावरून दुसऱ्या छतावर जात. रस्त्यावर न उतरता गाठीभेटी व्हायच्या, सुखदुःखे बोलली जायची. कोणत्याही नकाशात नसलेली ही बायांची चावडी होती.

या घरांविषयी हळवे होऊन मात्र चालणार नाही. किल्लारी औसा तालुक्यातलेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, गावे झोपेत असताना, भूकंप झाला. शासकीय आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. जाड भिंती मधूनच फुटल्या, कारण आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते; वरून माळवदाची टनावारी माती कोसळली. जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही छत पुष्कळदा उभे राहिले. बांधणी ओळखणे हा केवळ हौसेचा विषय नाही, ते जिवाचे काम आहे, हे आपल्या भागाला तेव्हा कळले.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घराचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ४००, सात हेक्टरांवर असणाऱ्याला ७५०. हिशेब वरवर सरळ वाटतो. पण जमीन बाईच्या नावावर असते कुठे? ज्या मापात ती मुळातच शून्य, त्याच मापाने तिचे छप्पर मोजले गेले. मात्र याच काळात दुसरीही एक गोष्ट घडली. घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. घर कसे भक्कम करायचे हे त्या शिकल्या आणि इतरांना समजावू लागल्या. सारवणापुरता धरलेला हात बांधकामावर देखरेख करू लागला.

आता प्रश्न मालकीचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २३ नुसार कुटुंबाच्या राहत्या घरात मुलीचा वाटा असला, तरी भाऊ वाटणी करायला तयार होईपर्यंत तिला तो मागता येत नव्हता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने कलम २३ गेले आणि विवाहित लेकींनाही समान हक्क मिळाला. त्याच वर्षीच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. कायदा बदलला. पण जुना वाडा विकायला निघाला की बहिणीला माहेरी बोलावतात ते साडीचोळी करायला आणि हक्कसोडपत्रावर सही घ्यायला.

म्हणून आमचे सांगणे असे. जुन्या घरांची नोंद करणाऱ्यांनी कमानी जरूर मोजाव्यात. आपण गटांनी आपली वेगळी नोंद करू या. प्रत्येक जुन्या घरापाशी चार प्रश्न विचारायचे. भिंतीत आरपार दगड आहेत का आणि माळवदावर मातीचा भार किती आहे? पाणी, न्हाणी, संडास चुलीपासून किती अंतरावर आहेत? घर कोणाच्या श्रमाने टिकले? आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर किंवा नगरपालिकेच्या कर आकारणीत कोणाचे नाव आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाईट असेल तर दुरुस्तीचा आग्रह धरायचा. शेवटच्यात बाईचे नाव नसेल तर तिथून कामाला लागायचे.

वयस्कर बायांना आधी विचारा. कुठली भिंत कधी फुगली आणि कुठले साणे कोणी बुजवले, हे त्यांना पाठ आहे. त्या आहेत तोवर हे लिहून ठेवू या.