तबकडी एक, कान अनेक

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण पुढे केली की कोणताही वाद मिटतो, असा आपला समज झालेला आहे. एखाद्या गाण्यावरून दोघांचे जमेनासे झाले, की तिसरा पुढे येतो आणि म्हणतो, “अहो, ज्याची त्याची आवड!” वाद थांबतो, पण वादाबरोबर विचारही थांबतो. आवड ज्याची त्याची असते हे मान्य. परंतु मत म्हणजे आवडीपेक्षा काही अधिक असते. मताला कारण द्यावे लागते, आणि संगीताच्या बाबतीत ते कारण कानांनी शोधलेले असावे लागते. आपल्याकडे ते पुष्कळदा वेष्टनावरच्या नावावरूनच ठरते, असे मला वाटते. हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी मी एका जुन्या तबकडीचे उदाहरण घेतो.

1968 साली एच.एम.व्ही.ने ‘राग जॅझ स्टाइल’ या नावाची एक ध्वनिमुद्रिका काढली. संगीतकार होते शंकर-जयकिशन. ज्यांची चित्रपटगीते आपल्या आजोबांपासून आपल्यापर्यंत सर्वांच्या ओठांवर आहेत, तेच. या तबकडीत मात्र गाणे नाही, शब्द नाहीत. तोडी, भैरव, मालकंस, कलावती यांपासून शिवरंजनी आणि भैरवीपर्यंत अकरा राग आहेत, आणि ते जॅझच्या अंगाने वाजवले आहेत. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, तबल्यावर रमाकांत, पियानोवर ल्युसिला पाशेको. नावांची ही यादी मी मुद्दाम दिली. चित्रपटातील गाण्यांत हेच लोक वर्षानुवर्षे वाजवीत होते. पण तबकडीवर नाव असे ते गायकाचे आणि संगीतकाराचे.

हे वादक जॅझकडे कसे वळले, हा इतिहास मनोरंजक आहे. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. गुलामगिरीतून बाहेर आलेल्या समाजाच्या शेतातल्या, प्रार्थनेतल्या आणि दुःखाच्या गाण्यांतून ते विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लिन्स शहरात आकाराला आले. 1935 साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळात मुंबईत पोट भरायला आलेले गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. लहानपणी चर्चच्या शाळेत ते स्वरलिपी शिकलेले होते. त्यांनी हे नवे संगीत उचलले. पुढे हेच लोक चित्रपटाच्या स्टुडिओत शिरले. 1951 सालच्या ‘अलबेला’ची गाणी आठवा. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या मैत्रीतून त्या चाली सजल्या. तेव्हा जॅझ आपल्याला परके आहे असे आपण समजतो, पण लग्नाच्या वरातीत आपण त्याच्याच नातवंडांवर नाचत असतो.

आता या तबकडीविषयीची मते पाहू. ती ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

शास्त्रीय संगीताचे रसिक म्हणतात, यात राग नाही. त्यांचे म्हणणे असे की, राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे. आलापीत एकेक स्वर उलगडत जावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. दोन बाजूंच्या तबकडीत अकरा राग बसवायचे म्हटल्यावर एकेकाच्या वाट्याला मोजकीच मिनिटे येणार. शिवाय तोडीचा गंधार हा पियानोच्या पट्टीवर मिळत नाही. तो किंचित उतरलेला, हलणारा असतो. मागे पियानोवर तीन-चार स्वर एकदम दाबून कॉर्ड वाजू लागला की तो गंधार बिचारा गुदमरतो.

जॅझचे जाणकार म्हणतात, यात जॅझ नाही. जॅझचा प्राण म्हणजे उत्स्फूर्तता. वादकाने एक धून घ्यावी आणि त्या क्षणी जे सुचेल ते तिच्यावर बांधीत जावे; दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे. या तबकडीत पुष्कळसे आधी लिहून, बसवून घेतलेले वाटते. वाद्ये जॅझची आहेत, ठेकाही आहे, पण धोका पत्करलेला नाही.

तिसरा वर्ग चित्रपटसंगीताच्या चाहत्यांचा. त्यांना ही तबकडी फार गोड वाटते. पण ते तिच्यात शंकर-जयकिशनच शोधतात. “हा तुकडा अमक्या गाण्यासारखा आहे,” हे ओळखले की त्यांचे ऐकणे संपते.

या तिन्ही मतांत तथ्य आहे. पहिल्या दोन मतांना तर चांगली सांगीतिक कारणेही आहेत. तरीसुद्धा माझी तक्रार अशी की, तिघेही तबकडी लावण्यापूर्वीच काय ऐकायचे ते ठरवून बसतात. एकाला राग हवा, दुसऱ्याला जॅझ हवा, तिसऱ्याला आठवण हवी. वेष्टनावर ‘राग’ आणि ‘जॅझ’ हे दोन शब्द छापले नसते, तर या मंडळींनी काय ऐकले असते?

मला जे ऐकू येते ते सांगतो. जॅझचा पाया म्हणजे ‘ब्लूज’ हे कृष्णवर्णीयांचे दुःखगीत. त्यातही एक असा गंधार आहे, जो कोमल नाही आणि शुद्धही नाही. तो दोहोंच्या मध्ये कुठेतरी डोलतो. पियानोला तो साधत नाही म्हणून ब्लूज वाजवणारे लोक शेजारशेजारच्या दोन पट्ट्या जवळजवळ एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतात. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांना मात्र श्वासाने आणि ओठांनी स्वर वाकवता येतो. आपली सतारही तार ओढून हेच करते. आपण तिला मींड म्हणतो. म्हणजे ज्या स्वराच्या बाबतीत शास्त्रीय रसिक पियानोवर रागावतात, त्याच स्वराच्या बाबतीत अमेरिकेतील ब्लूज गाणाराही पियानोशी झगडत होता! ब्लूजमध्ये घोळवले जाणारे पाच स्वर, म्हणजे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि, हे आपल्या धानी रागाचे स्वर आहेत. या तबकडीत सतारीने एक वाक्य म्हणावे आणि सॅक्सोफोनने ते आपल्या आवाजात उचलावे, अशा जागा येतात. तिथे दोन दूरच्या घरांतील माणसे एकच दुःख ओळखतात असे वाटते. आणि जिथे ठेक्याच्या जोरावर सगळी वाद्ये एकसाथ धावतात, तिथे ते संगीत मला हॉटेलातील करमणुकीसारखे वाटते. माझे मत हे असे अर्धे अनुकूल, अर्धे प्रतिकूल आहे. पण दोन्ही अर्ध्यांसाठी मी जागा दाखवू शकतो.

नावावरून भांडण्याचा हा रोग केवळ आपला नाही. जॅझ या नावाने विकली गेलेली पहिली तबकडी 1917 साली निघाली, आणि ती वाजवणारे सगळे गोरे होते. 1959 साली ऑर्नेट कोलमन हा सॅक्सोफोनवादक न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबात वाजवू लागला, तेव्हा जॅझच्याच लोकांत उभी फूट पडली. कोणी त्याला द्रष्टा म्हटले, कोणी त्याला वाजवता येत नाही असे म्हटले. आज त्याच्याशिवाय जॅझचा इतिहास लिहिता येत नाही. आपल्याकडे 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. कारण ती परकी, आणि तिच्यात श्रुती नाहीत. ती बंदी 1971 पर्यंत पूर्णपणे टिकली. त्या तीस वर्षांत आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी वाजवायची थांबवली काय? मुळीच नाही. आकाशवाणीच्या कारणात तथ्य होते. पण तिच्या कानांपर्यंत गावातले भजन पोचले नव्हते.

आता कोणी विचारील, चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांना या जॅझपुराणाशी काय कर्तव्य? हाच प्रश्न मनात ठेवून मी ही तबकडी आपल्या महाविद्यालयातील काही मित्रांना ऐकवली. राग किंवा जॅझ यांपैकी कशाचाही त्यांना परिचय नव्हता. एक मित्र हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत साथीला बसतो. तो ऐकता ऐकता उद्गारला, “हे तं खलनायक येते तवाचं म्युझिक हाय!” सगळे हसले. पण त्याचे बोलणे मला मोलाचे वाटले. कोणता तुकडा कोणत्या प्रसंगाला चालेल, कुठे ताण वाढतो, कुठे पडदा पडावा असे वाटते, हे त्याने लगेच दाखवून दिले. रात्रभर चालणाऱ्या नाटकात हजार-दोन हजार माणसांना जागे ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याचा कान असाच तयार होतो.

दुसरा मित्र भामरागडकडचा माडिया. त्याने बराच वेळ काही मत दिले नाही. शेवटी विचारले, “हे वाजत असताना नाचतात कोण?” त्याच्या गावात रेला म्हणजे गाणे आणि नाच एकत्र. हातात हात गुंफून पावले पडतात, तेव्हाच गाणे पुरे होते. नुसते बसून ऐकायचे गाणे ही कल्पनाच त्याला चमत्कारिक वाटते. त्याला हे ठाऊक नव्हते की, जॅझ आधी नाचण्याचेच संगीत होते आणि खुर्चीवर बसून ऐकण्याचे ते नंतर झाले. पुस्तकातून जो प्रश्न मला सुचला नाही, तो त्याला पावलांनी सुचवला.

या दोघांना कोणी मत विचारीत नाही. ‘तुम्हाला संगीतातले काय कळते’ असे त्यांना न बोलताही सांगितले जाते, आणि ते स्वतःही तसेच समजतात. मला यात धोका दिसतो. कारण जे या तबकडीचे झाले, तेच आपल्या भूमीच्या कलांचे झाले आहे. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव चालते. वडसा हे तिचे केंद्र. तिथल्या मंडळ्या रात्रीमागून रात्री प्रयोग करतात. तिच्यात दंडारीचे आणि खडी गंमतीचे रक्त आहे, संगीत नाटकाचे संस्कार आहेत, आणि आज ऑक्टोपॅडचा दणकाही आहे. शहरी नाटकवाला म्हणतो, हे नाटक नव्हे. लोककलेचा अभ्यासक म्हणतो, ही शुद्ध लोककला राहिली नाही. आणि आपलाच शिकलेला मुलगा म्हणतो, हे गावंढळ आहे. पुन्हा तिघेही आपापले लेबल घेऊन आलेले! 2023 साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अनेकांना या रंगभूमीची एकाएकी आठवण झाली. सन्मान योग्यच होता. परंतु सन्मान झाल्यावरच कान उघडायचे असतील, तर ते कान आपले कसे म्हणायचे? झाडीपट्टीतही भडक आहे, सवंग आहे. त्यावर टीका व्हायलाच हवी. मात्र ती मांडवात रात्र काढलेल्याने करावी आणि नेमका कोणता प्रवेश, कोणते गाणे फसले ते सांगून करावी.

माझ्यावर एक आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. आमचे काही प्राध्यापक म्हणतील, “मग अभ्यासाचे काय? तीस वर्षे तोडी ऐकलेल्याचे मत आणि आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे मत सारखेच का?” सारखे नाहीच. अभ्यासाने कान सूक्ष्म होतो. उतरलेला गंधार ऐकू येण्यासाठी तीस वर्षे नाही तरी तीन वर्षे लागतातच. पण अभ्यास हा ऐकण्यासाठी असतो. नवख्याने जाणकाराकडून गंधार शिकावा, आणि जाणकाराने नवख्याच्या “नाचतात कोण?” या प्रश्नासमोर क्षणभर थांबावे, एवढेच माझे मागणे आहे.

आज जगातले सगळे संगीत खिशातल्या मोबाइलवर आले आहे. ही तबकडीसुद्धा आता तिथे ऐकता येते. सोय झाली, तशी घाईही झाली. दहा सेकंद ऐकायचे, अंगठ्याने पुढे सरकवायचे आणि “बोअर आहे” म्हणून निकाल द्यायचा. अशा वेळी महाविद्यालयाने एक साधी गोष्ट करावी असे मी सुचवतो. महिन्यातून एकदा एका खोलीत वीस जणांनी जमावे. नाव न सांगता एक ध्वनिमुद्रण लावावे. कधी जॅझ, कधी ख्याल, कधी रेला, कधी राष्ट्रसंतांच्या परंपरेतील खंजिरीभजन. प्रत्येकाने कोणाशी न बोलता चार ओळी लिहाव्यात: काय ऐकले, कुठे मन रमले, कुठे उडाले. मग चर्चा करावी, नाव सांगावे आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे. याला पैसा लागत नाही. एक वाजवायचे यंत्र आणि तासभर स्वस्थ बसण्याची तयारी पुरे.

मतभेद त्यानेही मिटणार नाहीत, आणि ते मिटावेत अशी माझी इच्छाही नाही. वीस जणांनी एकच तबकडी ऐकून एकच मत दिले, तर एकोणीस जणांनी ती ऐकलीच नाही असे मी समजेन.