वाचता येत नाही, त्या कागदावर सही कशाला?

मत्स्यबीज, ठेका, मासळीचा भाव यावर आपलं बोलणं रोजचंच आहे. आज पोलीस ठाण्यातल्या कागदावर बोलू. हा विषय आपला नाही असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एवढंच आठवावं, की धरणात कुणी बुडालं की पोलिसांचा पहिला फोन कुणाला येतो.

आपल्यालाच येतो. कारंजाचं पाणी असो की भीमेचा डोह, गळ टाकून, बुडी मारून प्रेत वर काढायचं काम आपल्या पोरांचं. ते काम आपण पैशासाठी करत नाही आणि कधी नाहीही म्हणत नाही. पण प्रेत काठाला लागलं की पंचनामा होतो. पंच म्हणून दोन माणसं लागतात आणि अंग पुसत उभे असतो आपणच. "अण्णा, इथं सही कर." कागद कन्नडमध्ये. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या आपल्या वयाच्या माणसांना कन्नड बोलता येतं, बाजार कन्नडमध्ये होतो, पण घाईघाईत हातानं लिहिलेला पोलिसी कन्नड कागद वाचता येत नाही. सही होते. दोन वर्षांनी कोर्टाचं समन्स येतं आणि वकील विचारतो, प्रेताच्या मानेवर खूण होती असं तुम्ही लिहून दिलंय, ती डाव्या बाजूला होती की उजव्या? आपण काय लिहून दिलं तेच आपल्याला माहीत नसतं.

हे झालं पंचाचं. ज्याला पोलिसांनी धरून नेलं त्याचं काय होत असेल?

आमचं भांडण कन्नडशी नाही, हे आधीच सांगतो. कर्नाटकात पोलिसांचं काम कन्नडमध्ये चालणार हे बरोबरच आहे, आणि ठाण्यातले कितीतरी शिपाई आपल्याशी मराठीतच बोलतात. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत चालायचा, तेव्हा आपल्या आजोबांनी उर्दू कागदावर अंगठे उठवले. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, निलंगा-उदगीर तिकडं गेले, आपण इकडं राहिलो आणि कागद कन्नड झाला. दोन्ही वेळा अंगठा मात्र आपलाच होता.

२०२५ साली यात एक मोठी गोष्ट घडली आणि ती आपल्यापर्यंत नीट पोचली नाही. ७ जुलै २०२४ ला पहाटे वरळीत एका भरधाव मोटारीनं स्कूटरला उडवलं. स्कूटरवर वरळी कोळीवाड्यातलं जोडपं होतं, ससून डॉकवरून मासळी घेऊन घरी निघालेलं. बाई गेली. आपल्याच धंद्यातली बाई. गाडी चालवणाऱ्याला अटक झाली. त्यानं कोर्टात सांगितलं, मला अटक का केली ते लेखी दिलंच नाही. मुंबई हायकोर्टानं ऐकलं नाही. पण ६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सरन्यायाधीश गवई यांच्या खंडपीठातून सांगितलं, की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायचीच, आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची. जागेवर लगेच लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायचं, आणि मॅजिस्ट्रेटपुढं रिमांडला उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी हातात द्यायचं. नाही दिलं तर अटकही बेकायदा आणि रिमांडही.

कुणी म्हणेल, कोळीणबाईला चिरडणाऱ्याच्या अर्जावर निघालेला हा निकाल, त्याचं कौतुक कशाला? आम्हालाही वाचताना तसंच वाटलं. पण त्या खटल्यात कोण दोषी ते कोर्ट ठरवेल. नियम मात्र सगळ्यांचा झाला. मोठ्या वकिलाच्या फीवर मिळालेला हक्क औरादच्या होडीवाल्याला फुकटात लागू आहे. तो न वापरणं म्हणजे दुहेरी नुकसान.

आता प्रश्न असा, की नियम आहे म्हणून ठाण्यात तो पाळला जाईल का? इथं अभ्यासकांचं काम उपयोगी पडतं. कॉमन कॉज ही संस्था आणि लोकनीती-सीएसडीएसचे संशोधक देशातल्या पोलिसांवर अहवाल काढतात. २०२५ च्या अहवालासाठी त्यांनी ८,२७६ पोलिसांनाच प्रश्न विचारले. आरोपीला नाही, वकिलाला नाही, पोलिसांना. अटकेची ठरलेली पद्धत नेहमी पाळली जाते का? नेहमी पाळली जाते असं म्हणणारे जेमतेम ४१ टक्के निघाले. म्हणजे खाकीतल्या निम्म्याहून जास्त माणसांनी स्वतःच कबूल केलं, की कधी पाळतो, कधी नाही. त्याच मंडळींच्या २०१९ च्या अहवालात दुसरी बाजूही आहे. पोलीस सरासरी १४ तास ड्युटी करतात आणि निम्म्या लोकांना आठवड्याची सुट्टीच नसते. रात्रभर जाळ्यावर बसणाऱ्याला १४ तास म्हणजे काय ते सांगायला नको. थकलेला माणूस कागद उरकतो, हे खरं. पण उरकलेल्या कागदावर आपलं पोर आत जातं, हेही खरंच.

आपल्या बीदरचंच उदाहरण घ्या. जानेवारी २०२० मध्ये एका शाळेतल्या लहान मुलांच्या नाटकावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई, दोघी तुरुंगात गेल्या. पोलीस चौकशीला शाळेत गेले, मुलांना पुन्हा पुन्हा विचारलं, आणि त्यातले काही वर्दीत होते, हत्यारासकट. नाटकाबद्दल तुमचं-आमचं मत काहीही असो. मुलांची चौकशी वर्दीत करायची नाही असा बाल न्यायाचा नियम आधीपासून होता. तो मोडलेला दिसतो, हे हायकोर्टानं म्हणेपर्यंत ऑगस्ट २०२१ उजाडला, आणि गुन्हाच रद्द व्हायला जून २०२३. तोही आपल्याच कलबुर्गी खंडपीठात. नियम पुस्तकात होता, फोटोही निघाले होते, तरी साडेतीन वर्षं गेली. आपल्याकडं फोटोही नसतो आणि साडेतीन वर्षं थांबायची ताकदही नसते. म्हणून जे करायचं ते पहिल्या दिवशी, ठाण्यातच केलं पाहिजे.

तिथं आपण गप्प बसतो, आणि गप्प बसण्याचा अर्थ दुसरेच लावतात. १९७२ साली गडचिरोलीकडच्या देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस होते. १९७८ ला सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. कारण काय, तर तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ठाण्यात घाबरून गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हा त्यांचा मुद्दा. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. त्या मुलीच्या दुःखाची आपल्या सहीशी बरोबरी होत नाही, ती करायचीही नाही. पण ठाण्याच्या चार भिंतीत गरिबाचा होकार किती सहज धरला जातो, ते तिथं दिसलं. "सही केलीस ना? मग कबूल आहे," हे त्याच घरातलं वाक्य.

तर करायचं काय?

पोलीस तपासात आपला जबाब लिहून घेतात. त्यावर सही घ्यायचीच नाही, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ सांगतं. जुन्या कायद्यातही हेच होतं. हे कितीजणांना माहीत होतं? आम्ही विचारून बघितलं, एकालाही नाही. पंचनाम्यावर सही लागते, पण तिथंही आधी मराठीत वाचून दाखवा म्हणायचं, आणि सहीखाली मराठीतच लिहायचं, "वाचून दाखवला" किंवा "वाचून दाखवला नाही". जे घडलं तेच लिहा. होडी, इंजिन, जाळं जप्त करत असतील तर जप्तीचं आणि यादीवर सह्या होतानाचं मोबाईलवर चित्रीकरण पोलिसांनीच करायचं असतं, कलम १०५. ते होतंय का, एवढं शांतपणे विचारा. हुज्जत नको, आवाज नको. बाईमाणसाला आणि साठीच्या पुढच्या म्हाताऱ्याला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. अटक झाली तर घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. तो माणूस म्हणून संस्थेच्या सचिवाचा नंबर द्या, मध्यरात्र असली तरी.

आणि घरातली पोरं कन्नड शाळेत शिकतात. कागद वाचायला त्यांना सोबत न्या. बापाला वाचता येत नाही याची लाज पोराला वाटत नाही, आपल्यालाच वाटते.

संस्थेनं करायचं काम वेगळं. अटकेची कारणं लिहायचा छापील नमुना कन्नड आणि मराठी, दोन्ही भाषांत एकाच कागदावर सीमेवरच्या ठाण्यांत ठेवावा, असा अर्ज दोन्ही जिल्ह्यांच्या एसपी साहेबांना द्यावा, असं आमचं म्हणणं आहे. खर्च कागदाचा. शिपायाचाही वेळ वाचेल, आणि उद्या कोर्टात अटक बेकायदा ठरली तर खापर त्याच्याच डोक्यावर फुटणार आहे, तेही टळेल. अर्जाचा मसुदा येत्या मासिक सभेत वाचून दाखवू, कन्नडमध्ये आणि मराठीत. सभासदांनी सही त्यानंतरच करायची.

तोवर एक नंबर फोनमध्ये टाकून ठेवा: १५१००. विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. ज्याची ऐपत नाही त्याला सरकारी खर्चानं वकील मिळतो.