चंद्र परातीएवढा, चंद्र सुपारीएवढा

यंदाच्या कोजागिरीला आमच्या इमारतीच्या गच्चीवर नेहमीप्रमाणे सारी बिऱ्हाडे जमली होती. पातेल्यात दूध आटत होते, केशर-वेलदोड्याचा वास सुटला होता आणि पूर्वेकडे, समोरच्या इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांमागून चंद्र वर येत होता. चांगला परातीएवढा, तांबूस, हात लांबवला तर हाती लागेल असा! मुलांनी भराभर मोबाइल काढून फोटो घेतले आणि तिथेच पहिला विरस झाला. फोटोत परात नव्हतीच. होता तो एक पांढरा ठिपका. "फोन स्वस्तातला घेतला की असंच व्हायचं," असा निकाल एका गृहस्थांनी देऊन टाकला.

दूध पिऊन, गाणी म्हणून होईपर्यंत मध्यरात्र झाली. चंद्र डोक्यावर आला. माझी आठ वर्षांची नात मान वर करून बराच वेळ पाहत होती. ती म्हणाली, "आजोबा, चंद्र लहान का झाला हो? मघाशी केवढा होता!"

प्रश्न आठ वर्षांच्या मुलीचा असला तरी त्याने मोठमोठ्या पंडितांना घोळात घेतले आहे. मी तिला एक डोळा मिटायला लावला, हात ताठ पुढे करायला सांगितला आणि करंगळीच्या नखाआड चंद्र धरायला लावला. चंद्र पुरता झाकला, वर थोडे नख उरलेच. वाचकहो, येत्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र उगवताना आपणही हा प्रयोग करा. त्या परातीएवढ्या चंद्रालाही तेच नख पुरते! आकाशात चंद्र व्यापतो तो अवघा अर्धा अंश. उगवताना तेवढाच आणि माथ्यावरही तेवढाच. किंबहुना उगवता चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून सुमारे सहा हजार किलोमीटर अधिक दूर असतो. म्हणजे जो मोठा वाटतो, तोच खरे तर केसभर लहान असतो. फोनचे भिंग मुळात रुंद देखावा टिपणारे, म्हणून चंद्र त्यात ठिपका होतो. पण दोन्ही वेळचे फोटो शेजारी ठेवले तर ठिपका सारखाच भरेल. फोन बिचारा खरे बोलत होता.

मग खोटे कोण बोलले? डोळा? तर तोही नाही.

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर चित्र उमटते ते सपाट. एखादी वस्तू नजरेत किती कोन व्यापते, एवढेच त्यावरून कळते. जवळची सुपारी आणि दूरची परात यांची चित्रे अगदी एकाच मापाची पडू शकतात. वस्तू केवढी, हे ठरवायचे तर ती किती दूर आहे हे आधी ठरवावे लागते, आणि हे काम मनाचे. डोळा हा आकडा आणून देणारा कारकून; सही करणारे साहेब मन!

हे साहेब किती मुरब्बी आहेत ते पाहायचे आहे? डावा पंजा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा आणि उजवा त्याच्या दुप्पट अंतरावर. दोन्ही पंजे जवळजवळ सारखेच दिसतील. आता एक डोळा मिटा आणि जवळचा पंजा हळूहळू सरकवत दूरच्यावर आणा. जवळचा पंजा दूरच्याला गिळूनच टाकतो! त्याचे चित्र मघाशीही दुप्पट रुंद होते. पण "हात तोच, नुसता जवळ आहे" असे म्हणून मनाने परस्पर हिशेब जुळवला होता.

अंतर ओळखायला मनाजवळ खुणा पुष्कळ. आपले दोन डोळे एकमेकांपासून सहा-साडेसहा सेंटिमीटरवर, म्हणून दोघांना दिसणारी चित्रे किंचित वेगळी. या फरकातून मन खोली काढते, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये आपल्या उपकरणाने दाखवून दिले. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायला बसा, म्हणजे दुसऱ्याची किंमत कळेल. दूरच्या वस्तूंसाठी मात्र ही युक्ती लंगडी पडते. मग कोण कोणाला झाकते, रस्ता कुठे निमुळता होतो, डोंगर किती धूसर दिसतो, यांवरून अंदाज बांधायचा.

अंतराचा अंदाज बदलला की आकार बदलतो, याचा पुरावा दारातच टांगलेला आहे. रात्री उजळलेल्या आकाशकंदिलाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा. मग नजर तळहाताकडे वळवा. कंदिलाची छाया तळहातावर इवलीशी तरंगताना दिसेल. तीच नजर पलीकडच्या भिंतीवर न्या. छाया केवढी तरी मोठी होईल. डोळ्यातला ठसा तोच, बदलले ते अंतर. स्वित्झर्लंडमधील नेत्रवैद्य एमिल एमर्ट यांनी १८८१ मध्ये हा नियम मांडला.

चंद्राचे कोडेही याच वाटेवरचे. उगवत्या चंद्राला हवा मोठे करते, अशी जुनी समजूत होती. हवा त्याला तांबूस करते, किंचित चपटाही करते. मोठा मात्र करीत नाही. अकराव्या शतकातच इब्न अल-हैथम या अरबी विद्वानाने कारण हवेत नसून आपल्या अंदाजात आहे, असे सांगितले. पुढे १९६२ मध्ये कॉफमन आणि रॉक या अमेरिकन संशोधकांनी भिंगांच्या साहाय्याने आकाशात कृत्रिम चंद्र दाखवून लोकांकडून त्यांची तुलना करवली. क्षितिजापर्यंतची जमीन दिसत असली की तिथला चंद्र मोठा वाटे. जमीन झाकली की मोठेपण ओसरे. घरे-झाडे ओलांडून पलीकडे आहे म्हणजे फार दूर, आणि दूर असून एवढा दिसतो म्हणजे मोठाच असणार, असा मनाचा हिशेब. यावर आक्षेप आहेत आणि शास्त्रज्ञांचे अजून पूर्ण एकमत नाही. पण खोट चंद्रात नाही आणि डोळ्यातही नाही, याविषयी वाद नाही.

इथपर्यंत सारे गमतीचे. परंतु हाच हिशेब एका जागी फार महाग पडतो, आणि ती जागा आपल्या रोजच्या वाटेवर आहे.

तरुणपणी एकदा कचेरीला उशीर झाला म्हणून मी पूल न चढता रूळ ओलांडायला निघालो. गाडी दिसत होती. पण "लांब आहे" असे म्हणून पाऊल टाकले. मागून मित्राने सदऱ्याला धरून ओढले, म्हणून आज हा लेख लिहितो आहे. क्षणापूर्वी लांब असलेली गाडी एवढ्यात आली कुठून, हे मला कितीतरी वर्षे उमजले नव्हते. ते उमजले चंद्रामुळे!

लोकलचे तोंड सुमारे साडेतीन मीटर रुंद. चारशे मीटरवरून ते नजरेत व्यापते बरोबर अर्धा अंश, म्हणजे चंद्राएवढे, करंगळीच्या नखाआड मावेल इतके. ताशी ऐंशी किलोमीटरने धावणारी गाडी हे अंतर अठरा सेकंदांत तोडते. त्यातले पहिले नऊ सेकंद जातात तेव्हा ती अर्ध्या अंशाची एक अंश होते, बस्स! समोरून सरळ येत असल्याने ती डावी-उजवीकडेही सरकत नाही. डोळ्याला वाढ जाणवतच नाही आणि मन सही करते, "सावकाश येते आहे." पुढच्या साडेचार सेकंदांत ती दोन अंश होते, त्याच्या पुढच्या सव्वादोन सेकंदांत चार. ती अंगावर आल्याचे कळते तेव्हा हातात दोन-अडीच सेकंद उरलेले असतात. भरीस भर म्हणजे मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा संथ चालते असे आपल्याला वाटते. रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना हर्शेल लीबोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये याच भासाकडे बोट दाखवले होते.

ध्यानात घ्या, असे चुकणारा माणूस आंधळा नसतो की मूर्खही नसतो. उत्तम डोळ्यांचा, शहाणा माणूसही असाच चुकतो. कारण जे मन हाताचा पंजा बिनचूक ओळखते, तेच इथेही काम करीत असते. कारण कळले म्हणून भास जात नाही. करंगळीचा प्रयोग करून झाल्यावरही उगवता चंद्र परातीएवढाच दिसतो. म्हणून रुळांशी उभे राहून "मी नीट पाहूनच जातो" असे म्हणण्यात अर्थ नाही. नीट पाहूनच तर माणूस फसतो! तिथे उपाय एकच, पुलाच्या पायऱ्या.

नातीला त्या रात्री मी एवढेच सांगितले, "बाळ, चंद्र लहान झाला नाही. तो आहे तेवढाच आहे." तिने पुन्हा करंगळी वर धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "मग मला मोठा दिसला तो कुठे गेला?"

तो तिच्याजवळच आहे. पुढल्या पौर्णिमेला पुन्हा परात होऊन येईल, आणि तो तसाच यावा. दिवाळीत पाहुणे येतील, आपणही चार ठिकाणी जाल. चंद्राकडून खुशाल फसून घ्या. गाडीकडून मात्र नको.