१७ सप्टेंबरपर्यंत उत्तर द्या

बीदर विद्यापीठ, कलबुर्गीचे गुलबर्गा विद्यापीठ, राज्याचे उच्च शिक्षण खाते आणि बीदर व कलबुर्गी या दोन जिल्ह्यांतले सगळे संस्थाचालक, हा इशारा तुम्हाला आहे. निवेदनाची भाषा आम्ही बाजूला ठेवली आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंद तालुक्यांतले आम्ही माजी खेळाडू आणि पालक तुम्हाला एकच गोष्ट विचारतो. आमच्या पोरांचे विद्यापीठ तुम्ही बदलले, त्यांच्या खेळाची जबाबदारी कुणी घेतली?

१९८० साली गुलबर्गा विद्यापीठ झाले तेव्हा बीदरपासून बल्लारीपर्यंतची कॉलेजे त्याच्या छत्राखाली आली. २०१० मध्ये बल्लारीला वेगळे विद्यापीठ झाले, पुढे रायचूरला झाले आणि २०२३ मध्ये बीदरला. भालकी तालुक्यातल्या हालहळ्ळीला जे पदव्युत्तर केंद्र होते तिथून नव्या विद्यापीठाचा कारभार सुरू झाला. जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले याचा आम्हाला आनंदच झाला. परीक्षेच्या एका कागदासाठी कलबुर्गीची खेप घालणे काय असते, हे औरादच्या माणसाला विचारा. पण विद्यापीठ वेगळे झाले की खेळाचे सगळे गणित बदलते, आणि ते गणित मांडायला कुणी बसलेच नाही.

माझ्या खेळाच्या दिवसांचे सांगतो. मी भालकीहून पहाटेच्या गाडीने हुमनाबादमार्गे गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, फुटबॉलच्या निवड चाचणीला जात असे. बीदर-कलबुर्गी रेल्वे तेव्हा नव्हती, ती २०१७ मध्ये आली. चाचणीला बल्लारीची पोरे असायची, रायचूरची असायची. ती आमच्यापेक्षा जास्त सामने खेळून आलेली असत. दोन वर्षे मला पहिल्याच दिवशी घरी पाठवले. तिसऱ्या वर्षी विद्यापीठाची जर्सी अंगावर आली. त्या दोन नकारांनी मला जे शिकवले ते कुठल्या शिबिराने शिकवले नसते. इतक्या मोठ्या मुलखातून गाळून निघालेला संघ दक्षिण विभागात गेला तरी तिथे टिकणे अवघड व्हायचे.

हा दक्षिण विभाग म्हणजे काय ते पालकांसाठी सांगतो. विद्यापीठांच्या स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज भरवते. तिने देशाचे चार विभाग केले आहेत. कर्नाटकाची विद्यापीठे दक्षिण विभागात येतात, महाराष्ट्राची पश्चिम विभागात. फुटबॉलमध्ये विभागातले पहिले चार संघच अखिल भारतीय स्पर्धेला जातात, आणि ती जिंकणाऱ्या संघाला सर आशुतोष मुखर्जी चषक मिळतो. विभागात आधी बाद फेऱ्या असतात. हरलात की सामान बांधा. शिवाय हा चषक अनेकदा जिंकलेले कालिकत विद्यापीठ याच दक्षिण विभागात आहे.

आता नवे गणित पाहा. एका जिल्ह्यातून निवडलेल्या पोरांना पहिल्याच फेरीत केरळ-तमिळनाडूच्या तयार संघांपुढे उभे राहावे लागणार. जर्सी मिळणे सोपे झाले, सामना मात्र होता त्याहून कठीण झाला. संघात शिरण्याची संधी जास्त पोरांना मिळते हे मी मान्य करतो, आणि ही लहान गोष्ट नाही. पण ज्या पोराला वर्षभर शिक्षक नाही, दोन आठवड्यांचे शिबिर नाही, पायात धड बूट नाहीत, त्याला नव्वद मिनिटांसाठी विद्यापीठाचे नाव छातीवर लावून पाठवणे ही संधी नव्हे. ती त्या पोराची फसवणूक आहे.

आळंद तालुक्यात तर आणखी गुंता आहे. कडगंचीला २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथला विद्यार्थी त्या विद्यापीठाचा. आळंदच्या पदवी कॉलेजातला त्याचा मित्र गुलबर्गा विद्यापीठाचा. तिसरा मित्र अभियांत्रिकीला गेला तर बेळगावी मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा, म्हणजे त्याची चाचणी बेंगळुरूच्या पोरांबरोबर. संध्याकाळी एकाच मैदानावर खेळणारी ही तीन पोरे तीन संघांत वाटली गेली. औरादचा चौथा मित्र मराठी माध्यमातून शिकला म्हणून उदगीरला गेला, तो नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा, म्हणजे थेट पश्चिम विभागात. एका वर्षात खेळाडूला एकाच विद्यापीठाकडून खेळता येते. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी घेतलेला निर्णय त्याच्या खेळाचा निर्णय असतो, आणि हे त्या दिवशी त्याला कुणीही सांगत नाही.

अशी उलथापालथ जगात दुसरीकडेही चालू आहे, आणि तिच्यातून शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल, म्हणजे त्यांचा अमेरिकन फुटबॉल, हा फार मोठा व्यवहार आहे. तिथे पॅक-१२ नावाचा जुना गट २०२४ मध्ये फुटला. बारापैकी दहा विद्यापीठे जास्त पैशाच्या गटांत निघून गेली आणि ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट ही दोन मागे उरली. ती दोन रडत बसली नाहीत. कोर्टात गेली आणि गटाच्या कारभाराचा ताबा मिळवला. तिथे लहान कॉलेजांनाही वरच्या श्रेणीत चढायचे असते. पण वर चढण्याची फी पाच हजार डॉलरवरून पन्नास लाख डॉलर केली गेली. अमुक इतक्या शिष्यवृत्त्या द्या, मग वर या, अशी अट घातली. जेम्स मॅडिसन विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये पहिले दहाही सामने जिंकला, तरी श्रेणी बदलण्याची मुदत पुरी झाली नव्हती म्हणून त्याला आपल्या गटाचा अंतिम सामना खेळू दिला नाही. त्या पोरांवर अन्याय झाला असे मला वाटते. तरीही वर जाणाऱ्याने आधी तयारी दाखवावी, हे तत्त्व खरे आहे. आपल्याकडे तयारी कुणी विचारतच नाही. अधिसूचना निघते, नाव यादीत चढते, आणि निस्तरायचे पोरांनी.

आणि ही यादी तरी कायमची आहे का? २०२५ च्या सुरुवातीला राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने नव्या विद्यापीठांपैकी नऊ बंद करण्याचा विचार पुढे आणला. पैसा नाही, जमीन नाही, ही कारणे होती. बीदर त्यातून वाचले. पण हासन, हावेरी, कोडगू, कोप्पळच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर जी तलवार टांगली गेली ती उद्या आमच्याही डोक्यावर येऊ शकते. तीन वर्षांच्या पदवीत पोराने दोन विद्यापीठांच्या जर्सी घालायच्या का? माझ्या ओळखीच्या एका गोलकीपरचा पात्रतेचा अर्ज एकदा नुसत्या शिक्क्यासाठी दोन कार्यालयांत फिरत राहिला. शिक्का बसला तेव्हा संघाची गाडी निघून गेली होती. तो पोरगा पुन्हा मैदानावर आला नाही.

खेळाच्या दाखल्यावर पोटापाण्याचा प्रश्न अवलंबून असतो, हे खुर्चीवरच्या माणसांनी लक्षात ठेवावे. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतला क्रमांक रेल्वेच्या खेळाडू भरतीत धरला जातो. कोरडवाहू शेतातल्या तुरीवर घर चालणाऱ्या आमच्या भागात, पायात जोर असलेल्या पोरासाठी आणि पोरीसाठी सरकारी नोकरीची ही एक खरी वाट आहे. ती बंद करण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला नाही.

म्हणून आता आमचे म्हणणे ऐका. फीच्या पावतीवर क्रीडा शुल्क घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाने त्या पैशाचा तीन वर्षांचा हिशेब फलकावर लावावा. दोन्ही विद्यापीठांनी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निवड चाचणी आणि शिबिर यांच्या तारखा विभागीय स्पर्धेआधी पुरेशा दिवसांनी जाहीर कराव्यात, मुलींच्या संघासह. मुलींचे नंतर बघू, हे उत्तर आम्ही स्वीकारणार नाही. बीदर आणि कलबुर्गीने विद्यापीठे वेगळी असली तरी सरावाचे सामने एकत्र भरवावेत. जुन्या चाचणीतली चुरस परत आणायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. पात्रतेच्या अर्जावरची सही आणि शिक्का एकाच ठिकाणी, ठरलेल्या दिवसांत मिळाला पाहिजे. आणि सरकारने लेखी द्यावे की पुढे विद्यापीठ जोडा किंवा तोडा, शिकत असलेल्या खेळाडूचे एकही वर्ष वाया जाणार नाही.

स्वायत्त होण्याच्या, स्वतःचे विद्यापीठ काढण्याच्या तयारीत असलेल्या संस्थाचालकांनीही ऐकून ठेवावे. आधी मैदान दाखवा. मैदानावर इमारत बांधून क्रीडा विभागाची पाटी लावलीत, तर त्या पाटीखाली आम्ही येऊन बसू.

मुदत १७ सप्टेंबर. ही तारीख आम्ही मुद्दाम निवडली. १९४८ साली याच दिवशी हा मुलूख निजामाच्या राजवटीतून सुटला, आणि याच दिवशी १९९४ मध्ये नांदेडचे विद्यापीठ उभे राहिले. त्या दिवशी तुम्ही झेंडा फडकवाल, भाषणे कराल. त्याआधी तारखा आणि हिशेब जाहीर झाले नाहीत तर १८ तारखेपासून एकही पालक क्रीडा शुल्क भरणार नाही. प्रत्येक कॉलेजात माहिती अधिकाराचा अर्ज पडेल. सराव बंद पडणार नाही, तो हालहळ्ळीच्या प्रशासकीय इमारतीसमोर होईल, रोज, पहाटेपासून. आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ कलबुर्गीतच आहे, तिथे जायला आम्हाला रेल्वेचे तिकीट पुरते.

पालकांनो, यंदाच्या फीची पावती फेकू नका. क्रीडा शुल्काच्या रकान्याखाली रेघ ओढा आणि ती जपून ठेवा. पोरांनो, तुम्ही रोज मैदानावर या. अर्ज, सह्या आणि खेटे आम्ही बघतो.